दारातला मोबाइल

समीक्षकांसाठी ठेवलेला खास खेळ संपला की थिएटरच्या दारात निर्मात्याचा माणूस मोबाइल रोखून उभाच असतो. "एका वाक्यात सांगा ना, कसा वाटला?" आमच्या समीक्षक संघटनेची जुनी रीत आहे, दारात कुणी तोंड उघडायचं नाही. घरी जायचं, विचार करायचा, मग लिहायचं. काल माझ्यापुढे चालणाऱ्या आमच्या अध्यक्षबाईंनी त्या मोबाइलवर सरळ तळहात ठेवला आणि त्या पुढे निघाल्या.

तो तळहात डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्या शेजारच्या काकू विचारतात, "खरं सांग, जाऊ का बघायला?" सिनेमा म्हणजे त्यांची अख्खी दुपार. रिक्षा शोधायची, दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढायचे. दारात वाहवा करून आलेला माणूस त्यांना कुठल्या तोंडाने खरं सांगणार? आम्हाला खडूस म्हणा, खुशाल म्हणा. काकूंची दुपार आम्ही फुकट जाऊ देणार नाही. हे एकट्यादुकट्याला झेपत नाही, म्हणून तर संघटना.

"पुढच्या वेळी बोलावणार नाही हां!" काल तो मोबाइलवाला मागून ओरडला.

"नका बोलावू," बाई न वळताच म्हणाल्या. "आम्ही सगळे तिकीट काढून येऊ."

येऊच. आणि मी काकूंना घेऊन येईन. त्या काही आमच्या संघटनेत नाहीत. त्यांना विचारा दारात, कसा वाटला.