कांदा-लसणाशिवाय चायनीज

आमचं घर माळकरी. येडगावच्या अलीकडं आमची वस्ती. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी आबा भरलं ताट सारून उठायचे. त्यात धाकट्या बहिणीला टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, पोरीच्या अंगात काही उरलेलं नाही, रोज अंडी द्या. आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दूध वाढवा म्हणाले, झालं.

आई मात्र आतल्या आत तुटत होती. एका दुपारी तिनं मला गोठ्यात बोलावून सांगितलं, नारायणगावात चायनीजची गाडी लागते, तिथनं अंड्याचा भात आण. सॉसच्या वासात आबांना काही कळायचं नाही. एकदा हे पोरीला सोसलं की पुढं मी रोज इथंच गुपचूप अंडं उकडून देत जाईन. जन्मभर तुळशीची माळ घातलेली बाई हे सांगत होती, आणि सांगताना एका हातानं ती माळ घट्ट धरून होती.

वडापच्या जीपनं नारायणगावला गेलो. गाडीवाला अंडी फोडतच होता. पण शेजारच्या पानटपरीवर आमच्या भजनातले दोघं उभे. "काय भाऊ, इकडं कुठं?" एवढंच म्हणाले, आणि माझी पाचावर धारण बसली. मोठा शूर मी! समोर नवं शुद्ध शाकाहारी हॉटेल झालं होतं, कांदा-लसणाशिवाय चायनीज मिळेल अशी पाटी लावलेलं. तडक त्यात शिरलो. त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात पार्सल सांगितलं. मनाला म्हटलं, आजारी पोर, तिला काय कळतंय.

घरी पिशवी सोडली तर भाताचा गार गोळा. वर तेलाचा तवंग, कोबी कच्चा, आणि सॉस असा खारट की जीभ आखडावी. चीनमधल्या माणसानं तो भात बघून कपाळाला हात लावला असता. बहिणीनं बोटानं भात इकडं-तिकडं केला. मग माझ्याकडं एकदाच बघितलं. मला तोंड लपवावंसं वाटलं. तेवढ्यात आई दारातून हळूच म्हणाली, "अंडं व्हतं ना गं त्यात?"

"व्हतं आई. दोन व्हती," बहीण म्हणाली आणि खाली मान घालून खात राहिली. आईनं स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि देवाची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी बहिणीला उलट्या लागल्या. तो भात धडधाकट माणसालाही पचला नसता. पण आईनं ठरवून टाकलं, देवाला हे मान्य नाही. अंड्याचा विषय तिथंच संपला. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पुढं पोरीला गोळ्या सोसेनात, पाणीसुद्धा ठरेना. थंडीत ती गेली.

आता आबाही नाहीत. आई थकली आहे. कुणी नसलं की मला जवळ बसवते आणि म्हणते, "माळकऱ्याच्या घरात मी अंडं आणाया लावलं रं, म्हून माझी पोर गेली."

"जाऊ दे आई," मी म्हणतो, "झालं ते झालं."