निर्लेखनाच्या पंचनाम्यावरची माझी सही

सरकारी कार्यालयात निकामी वस्तू कोपऱ्यात साठत जातात आणि त्यांच्याबरोबर किस्सेही साठतात. आमच्या तालुक्यातील एका कार्यालयाने जुने सुरक्षा साहित्य निर्लेखित करून, म्हणजे वापरातून बाद ठरवून, विक्रीस काढले, तेव्हा निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला पंच नेमले. मी होकार दिला, त्यामागे कारण होते. ते पुढे सांगते.

*

दारातील धातुशोधक चौकट उपटून आवारात उभी केली होती. तिला ना वीज, ना तार. तरी कामासाठी आलेले लोक रांगेने तिच्यातूनच जात. शिपाई बाबूराव एका वृद्धाला म्हणाला, "मामा, ती बंद हाय. बाजूनं या की."

"तुमचं बंद कवा चालू हुईल, काय भरवसा?" असे म्हणून मामा चौकटीतूनच गेले.

*

धोक्याचा भोंगा यादीत 'नादुरुस्त' होता. बाबूरावाने सहज तार जोडली आणि तो असा किंचाळला, की निम्मे कार्यालय आवारात धावले. लिपिक जाधव मात्र जागेवरच होते.

"नोंद झालीय," ते म्हणाले. "आता तो नादुरुस्तच."

*

आता कारण. सुनंदा ही माझी विद्यार्थिनी, उमापूरकडील अंगणवाडीसेविका. तिच्या गावचे पुढारी आबा नदीतील वाळू उपसत होते. त्यांच्याविरुद्ध तिने याच कार्यालयात तोंडी तक्रार केली. नाव कागदावर येणार नाही, असे साहेबांनी कबूल केले होते. मी सोबत होते. कोणी ओळखू नये म्हणून वाटेत एक निळी छत्री विकत घेतली आणि तिच्याआड आम्ही आत शिरलो. परतताना ती एसटीत विसरले. म्हणजे ती माझ्या हाती तेवढा एकच दिवस होती.

बाहेर पडताना सुनंदाने वर पाहिले. दारावर कॅमेरा होता.

"बाई, ह्यात आपण दिसलो असू का?"

"मी पाहते," मी म्हणाले.

*

म्हणून मी समितीत आग्रह धरला, की विक्रीपूर्वी कॅमेऱ्याचे चित्रीकरण नष्ट करावे. सर्वांना पटले. कॅमेऱ्याचे चित्र दिसायचे तो टेबलावरचा पडदा बाबूरावाने उचलून पोत्यावर ठेवला आणि हातोडीचे तीन घाव घातले. काचेचा चुरा झाला. जाधवांनी लिहिले, 'चित्रीकरण समक्ष नष्ट केले.' मी दोन वेळा वाचून सही केली. त्या दिवशी जेवण गोड लागले. टेबलाखालचा काळा डबा इतर सामानाबरोबर विकला गेला.

*

हा पराक्रम मी भाचीला फोनवर सांगितला. ती संगणकाचे काम करते.

"मावशी, पडद्यात काहीच साठत नाही गं. सगळं त्या डब्यात असतं."

मी तशीच कार्यालयात गेले.

"डबा कोणी नेला?"

"आबांच्या माणसानं," बाबूराव म्हणाला. "बाकी कायबी घेतलं न्हाई. तेवढाच उचलला."

जाधवांनी पंचनामा माझ्यासमोर सरकवला. "बाई, चित्रीकरण नष्ट झालंय. खाली तुमचीच सही हाय."

*

सुनंदाला मी त्याच दिवशी सांगितले. तेव्हापासून ती मुलीला एकटीला शाळेत पाठवत नाही. महिना गेला, काही घडले नाही. मग दिंद्रुडला एका लग्नात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. आबा गर्दीतून वाट काढत आले, वाकून माझ्या पाया पडले. सुनंदाकडे पाहून हसले.

"बाई, लई ऊन हाय. अशाच कशा आलात? ती निळी छत्री कुठाय?"