करंजाच्या तेलाची वाटी

तेलगावात आमच्या घरासमोर आश्रुबांचं दुकान होतं. तरुणपणी ते विहिरीच्या मोटा शिवत. पुढे चर्मकार सहकारी सोसायटीतून कातडं आणून ऊसगाडीच्या बैलांचे पट्टे करू लागले, ताठलेले पट्टे करंजाच्या तेलानं मऊ करून देऊ लागले. कातडं शिवायच्या आरीला बायकोनं, मुक्ताबाईंनी, हात लावलेला त्यांना खपत नसे.

दुष्काळामुळे साखर कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला, त्या वर्षी त्यांना चार पावलांत धाप लागू लागली. पायांवर सूज आली. मी त्यांना आणि मुक्ताबाईंना घेऊन बीडला गेले. तपासण्यांनंतर डॉक्टर म्हणाले, "कातड्याला चिवटपणा देणारा धागा असतो, कोलॅजन. तसाच धागा तुमच्या फुप्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतींत साचलाय. त्या ताठल्यात, ताणल्या जात नाहीत. त्यांतून रक्त ढकलताना हृदय दमतंय."

आश्रुबांचा चेहरा खुलला. कातड्याचं दुखणं म्हणजे घरचंच.

आठवड्यानं मी डबा घेऊन गेले, तर ते उन्हात बाजेवर टेकलेले आणि मुक्ताबाई त्यांच्या छातीला करंजाचं तेल चोळतायत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"बाई, तेल मुरतंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "लई हलकं वाटतंय ह्यांना."

"पडून राहिल्यामुळे वाटतंय."

"दावतो की चालून," म्हणत आश्रुबा उठले. दारापर्यंत गेले आणि चौकट धरून खाली बसले. ओठ निळे पडले होते.

मी डॉक्टरांना फोन लावला. आश्रुबांचा श्वास जाग्यावर आल्यावर डॉक्टरांचं म्हणणं त्यांना सांगितलं. "पट्ट्याचं कातडं मेलेलं, म्हणून तेल पितं. ही नळी जिवंत आहे, तिच्यात धागा अजून तयार होतोय. छातीवरचं तेल तिथवर पोचत नाही. गोळीनं नळ्या थोड्या सैल होतील. ताठलेलं सगळं काही मऊ होणार नाही."

आश्रुबांनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी आतला कारागीर माझ्याहून कामसू निघाला. दुष्काळातबी सुट्टी न्हाई त्याला."

"मग तुमीच घ्या आता सुट्टी," म्हणत मुक्ताबाईंनी गोळी पुढे केली.

ती त्यांनी गिळली. मग खिशातली आरी काढून मुक्ताबाईंच्या हातात दिली.

पुढे दोन हंगाम ते बाजेवरून सांगत आणि त्या शिवत. "अगं ओढ, पाव्हण्यासारखं काय धरतीस धाग्याला!" असं समोरून ऐकू येई. तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर ते गेले.

दिवसकार्य उरकलं त्याच आठवड्यात ऊसगाडीवाले आपले पट्टे घेऊन आले. मुक्ताबाईंनी करंजाच्या तेलाची तीच वाटी उचलली आणि वर्षभरात कडक झालेल्या पट्ट्यांना तेल लावायला बसल्या.