पौर्णिमेची सुट्टी

आमच्या दुर्बिणी चांदण्याला भितात. अवकाशातून आलेले गॅमा किरण हवेवर आदळले की निळसर उजेड क्षणभर चमकतो, तो आम्ही टिपतो. चंद्र मोठा झाला की ती चमक त्यात बुडते, कॅमेराही खराब व्हायची भीती. म्हणून पौर्णिमेच्या आसपास दुर्बिणी झाकायच्या आणि मी सुरतला, कोसाडच्या घरी. आईने कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलेलंच असायचं.

पुढच्या दुर्बिणी कशा असाव्यात हे ठरवणारी बैठक नेमकी चंदी पडव्याच्या संध्याकाळी आली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरत तुपातली गोड घारी आणि भुसूचं फरसाण घेऊन गच्चीवर बसतं. मी मात्र खाली, लॅपटॉपसमोर. माझं म्हणणं एकच: नवे कॅमेरे चांदण्यातही चालणारे हवेत. त्यासाठी कितीतरी वर्षं घासली होती. आज नाही म्हणाले असते, तर विषय कायमचा बारगळला असता.

अध्यक्ष म्हणाले, "पौर्णिमेला दुर्बिणी झाकायच्या, ही पहिल्यापासूनची पद्धत. कशाला उगाच धोका?"

माझं डोकंच सणकलं. आणि सुरतच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येतं थोडंच!

"सर, चांदणं आहे म्हणून आमचं अख्खं गाव आज गच्चीवर गेलंय," मी ओरडलेच, "आणि आपण आकाश बघणारे तेवढे दारं लावून बसायचं? या दिवसांत वर काही स्फोट झाला तर तो आपल्यासाठी थांबणार आहे का?"

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात मी चाचणीच्या नोंदी पडद्यावर टाकल्या. आमच्या छोट्या कॅमेऱ्याने भर पौर्णिमेत टिपलेल्या चमका, एकापाठोपाठ एक. मग कुणी हसलं नाही. एकेक हात वर होत गेला. शेवटी अध्यक्षही म्हणाले, "घ्या आराखड्यात."

जिंकले! धडाधडा जिना चढून गच्चीवर गेले आणि नाचलेच. शेजारच्या काकींना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी शिट्टी मारली. आईने तिच्या अहिराणीत विचारलं, "व माय, व्हयनं तरी काय?"

"आई, आता पौर्णिमेलाही दुर्बिणी चालू राहणार!"

आईचा चेहरा फुलला. मग घारी वाढता वाढता तिचा हात थांबला.

"पुनवले बी काम? मंग तू घर कव्हय येशी?"

एवढ्या मोठ्या बैठकीत हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. माझे डोळेच भरून आले.

"रडस काय येडी!" आई म्हणाली. "तू येशी तव्हय मनी पुनव." आणि तिने अख्खी घारी माझ्या तोंडात कोंबली.