चाहूल लागली, सिस्टर

पेशंटच्या तळपायाला हात लावायचा, मान जराशी कलती करायची आणि हळूच म्हणायचं, “चाहूल लागली, सिस्टर.” सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलातल्या मावशींची ही सवय. दवाखान्यात कोणासाठी बसून राहायची वेळ आली असेल, तर अशी एखादी मावशी तुम्हीही पाहिली असेल.

एकदा नवे डॉक्टर हसत म्हणाले, “मावशींचा अंदाज बरोबर असतो हं.”

“अंदाज तुमचा, डॉक्टर. माझी चाहूल.”

“एकच की!”

“एकच कसं? अंदाज आपण बांधतो. चाहूल लागते. नको म्हटलं तरी लागते.”



एका सकाळी त्या एका आजोबांच्या मुलाला म्हणाल्या, “साहेब, आज ऑफिसला नका जाऊ.”

“डॉक्टर काय म्हणतात ते सांगा. तुम्ही ज्योतिष कधीपासून सुरू केलंत?”

तो गेला. आजोबा दुपारी गेले. धावत परत आल्यावर तो मावशींवरच ओरडला, “नीट सांगता येत नव्हतं?”

 ही गोष्ट वॉर्डभर झाली. मग नातेवाईक त्यांचाच चेहरा न्याहाळू लागले. त्या बेडपॅन घेऊन खोलीत शिरल्या, तरी लोक उठून उभे राहायचे. मावशींनी तो शब्दच टाकला. पायांना हात लावणंही सोडलं. मला म्हणाल्या, “थकले हो. लोकांचं ओझं उचलवतं, हे नाही उचलवत.”

पुढे माझी आईच त्या वॉर्डात आली. बावीस वर्षं नर्स आहे मी. सगळे रिपोर्ट वाचता येत होते. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींना जिन्यात गाठून विचारलं, “लागली का?”

त्यांनी कठडा धरला.

“हो.”

मग मला हाताला धरून आईच्या कॉटपाशी नेलं, स्टूल ओढलं. “आता सलाईन बघू नका, फाईल बघू नका. लेक होऊन बसा.”

मी बसले. आईचा हात हातात घेऊन, दुपारी तीनपर्यंत. बाहेर माझ्या वाटची धावपळ मावशी करत होत्या.

पुढच्या महिन्यात गुडघ्यांमुळे काम सोडून त्या मुलीकडे यवतमाळला गेल्या. मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. अधूनमधून मोबाईलवर काढते, बघते. मावशी कशा आहेत हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.