रान चांगलं ठेवावं

आठ एकर वाढतं जंगल होतं तिथं आता क्रिकेटचं मैदान दिसत होतं. मधोमध आमचे नवे वॉचमन बापू हातात कोयता घेऊन शाबासकीची वाट बघत उभे होते.

"चार मान्सं लावली सायेब. पाच दिस खपलो. एक तण दिसंल तर सांगा."

दिसलं नाही. जांभळीची, अंजनीची चार वर्षांची रोपं बुडापासून साफ. करवंदीच्या जाळ्याही गेल्या. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

जागा गगनबावड्याजवळची, मालक राजारामपुरीतले हाडांचे डॉक्टर. गेटवर 'खासगी अभयारण्य' असा बोर्ड त्यांनी जंगलाच्या चार वर्षं आधीच लावला होता. मी त्यांचा इकॉलॉजी कन्सल्टंट. आमच्यात 'नॅचरल रीजनरेशन' म्हणतात, म्हणजे गुरं आणि आग बाहेर ठेवायची, पाखरं बिया टाकतात त्या टाकू द्यायच्या आणि आपण गप्प उभं राहायचं. हे सांगायला माझ्याकडे पीएचडी आहे.

आधीचा वॉचमन दिवसभर झोपायचा. त्याच्या झोपेत जंगल कमरेच्या वर गेलं. पण डॉक्टरांनी त्याला घोरताना पकडलं आणि काढून टाकलं. तो आमचा सर्वांत कार्यक्षम माणूस होता, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या जागी मुद्दाम कष्टाळू माणूस शोधला. बापूंची स्वतःची जमीन धरणात गेलेली. आता ही नोकरी हाच घराचा आधार.

डॉक्टर गाडीतून उतरले आणि बघतच राहिले.

"कुणी सांगितलं होतं हे?"

"कागदावर लिवलंय की," बापू म्हणाले आणि भिंतीवरचा कागद काढून घेऊन आले.

कागद माझा. मीच टाइप करून, हौसेनं लॅमिनेट करून दिलेला. चार नियम. गुरं येऊ देऊ नयेत. आग लावू नये. गेट बंद ठेवावं. आणि चौथा, रान चांगलं ठेवावं.

मी शहरात वाढलेला. माझ्या लेखी रान म्हणजे जंगल. बापूंच्या लेखी, आणि निम्म्या जिल्ह्याच्या लेखी, रान म्हणजे शेत. चांगल्या शेतात तण नसतं.

डॉक्टरांनी कागद वाचलाच नाही. "उद्यापासून येऊ नका," ते बापूंना म्हणाले.

बापूंचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं ते तरी सांगा की, डॉक्टर. दुसऱ्याचं का असंना, लई दिसानं रान मिळालं व्हतं."

गप्प राहिलो असतो तर माझं निभावलं असतं. गप्प उभं राहणं हा तर माझा धंदाच. पण त्या वाक्यानंतर मला माझीच लाज वाटली.

"डॉक्टर, चूक माझी आहे," मी म्हणालो आणि रानाचे दोन अर्थ समजावून सांगितले.

त्यांनी बापूंच्या हातातला कागद घेऊन आता कुठं वाचला. मग म्हणाले, "बापू राहतील. तुम्ही या."

'या' म्हणजे जा, हे मला लगेच कळलं. जाता जाता एक सल्ला दिला, गेटजवळचा एक गुंठा बापूंना खुरपायला द्या, नाहीतर त्यांचे हात बाकीच्या जागेवर वळतील. माझा एवढाच सल्ला डॉक्टरांनी तंतोतंत पाळला.

पावसाळा सरल्यावर बावड्याच्या रस्त्यानं जात होतो, म्हणून थांबलो. बापूंनी हात धरून मला गुंठ्यात नेलं. मिरची, वांगी, आणि तण औषधालाही नाही.

"बघा की सायेब, रान कसं ठेवलंय!"

मी मागं बघितलं. तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येऊन सगळं पुन्हा गुडघ्याच्या वर गेलं होतं.

"आणि ते?"

बापूंनी वळूनही बघितलं नाही. "ते व्हय? ते पडलंय तसंच."

माझी अख्खी पीएचडी त्यांनी तीन शब्दांत सांगितली. आता दुसऱ्या कुठल्याही जागेवर नव्या वॉचमनला कागद देताना मी त्यावर एकच ओळ लिहितो, 'पडलंय तसंच पडू द्यावं.'