मशीनच्या पाठीवरचा थापा

ते प्रकरण माझ्या मनातून कधी उतरले नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. दप्तरी नोंद झाली ती परदेशातून आलेल्या जुन्या फोटोकॉपी मशीनची. वर्तमानपत्रातही चार ओळींपलीकडे काही आले नाही. तरी नोकरीतली कोणती केस आठवते, असे कुणी विचारले, तर मी हीच सांगतो.

काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. देवासच्या औद्योगिक भागातील ठाण्याचा मी प्रभारी होतो. कामे ठरलेली असत. कुठून तांब्याची तार गेली, शिफ्ट सुटल्यावर कुठे मारामारी झाली, युनियनच्या सभेला किती शिपाई द्यायचे. कस्टम खात्याशी आमचा संबंध क्वचितच येई. त्यामुळे इंदूरहून कस्टमचे एक निरीक्षक येऊन समोर बसले, तेव्हा मी आधी त्यांना चहा दिला आणि मग त्यांच्याकडून त्यांचा कायदा समजून घेतला.

त्या काळी परदेशातली वापरलेली यंत्रे मनाला येईल तशी आणता येत नसत. टाइपरायटर असो की फोटोकॉपी मशीन, आयातीचा परवाना लागे. मशीन ठरावीक वर्षांहून जुने नको, आणि त्यात अजून किती वर्षांचे आयुष्य उरले आहे, याचा इंजिनिअरचा दाखला हवा. सर्वात कडक अट पुढची होती. ज्याच्या नावाचा परवाना, त्यानेच मशीन वापरायचे. विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, फुकटसुद्धा कुणाला द्यायचे नाही.

आमच्या हद्दीत पत्र्याचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकाने कारखान्याच्या नकाशांच्या प्रती काढण्यासाठी म्हणून अशी तीन मशीन आणली होती. आणि आता खबर आली होती, की त्यातले एक धारला कोर्टासमोरच्या टपरीत चालते.

"खबर कुणाची?" मी विचारले.

"टायपिस्टची. कोर्टासमोर झाडाखाली बसतो. ज्या नकला तो टाइप करायचा, त्या आता मशीनमधून निघतात." निरीक्षक हसले. "पोटावर पाय आला की माणूस कायदा शिकतो, साहेब."

ते धारला जाऊन आले होते. टपरीत रिकामे टेबल होते. "मशीन दुरुस्तीला गेलंय," एवढेच उत्तर मिळाले. इकडे मालकाने कस्टमला लेखी कळवले होते, की तिन्ही मशीन आल्या दिवसापासून माझ्या कारखान्यातच आहेत, येऊन पाहा. हे खोटे ठरले, तर कस्टमची कारवाई त्यांच्याकडे आणि फसवणुकीचा गुन्हा आमच्याकडे, असा मामला होता.

आम्ही दोन पंच घेऊन कारखान्यात गेलो. दिवाळी नुकतीच झाली होती. मालक इंदूरचे, बोलायला गोड.

"आइए साहब, पहले मिठाई. त्योहार का घर है."

"मिठाई नंतर. मशीन दाखवा."

ऑफिसात भिंतीला टेकून तिन्ही मशीन ओळीने उभी होती. प्लास्टिकची आच्छादने काढली. निरीक्षकांनी नंबर ताडून पाहिले. तिन्ही जुळले. त्यांचा चेहरा उतरला.

"दो साल से यहीं खड़ी हैं," मालक म्हणाले. "धार में किसी और की होगी. चाहे जिससे पूछ लो."

खोलीच्या दारात कारखान्याचा फोरमन उभा होता. पन्नाशीचा, कोल्हापूरकडचा माणूस, कारखाना निघाला तेव्हापासून इथे असलेला. झडतीच्या वेळी सगळे लोक झडती घेणाऱ्याच्या हाताकडे पाहतात, हा माझा अनुभव. जो पाहत नाही, त्याला आपण काय शोधतो आहोत ते ठाऊक असते. फोरमन खिडकीबाहेर पाहत होता.

मी हवालदाराला तिन्ही मशीन भिंतीपासून पुढे ओढायला सांगितले. दोन मागूनही चकचकीत पुसलेली होती. तिसऱ्याच्या पाठीवर वाळलेल्या हळदीचा थापा होता.

नवी वस्तू आली, नवे दुकान मांडले, की त्यावर हळदीच्या हाताचा ठसा उमटवायचा, ही माळव्याची रीत. आम्हा इथल्या मराठी घरांनीही ती केव्हाच उचललेली आहे. थापा उजव्याच हाताचा लागतो, आणि एकदा उमटवलेला थापा कुणी पुसत नाही. या थाप्याचा तळवा पूर्ण होता. अंगठा होता, करंगळी होती. मधे काहीच नव्हते.

"किसी लेबर ने दिवाली पर लगा दिया होगा," मालक म्हणाले.

"तर मग बोलवा त्याला. ओळखायला त्रास पडणार नाही."

थाप्याचा उल्लेख पंचनाम्यात घेऊन तिन्ही मशीन जप्त केली आणि फोरमनला ठाण्यावर आणले.

ठाण्यात मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. आवाज चढवला की माणूस बोलतो, पण आपल्याला हवे ते बोलतो. खरे हवे असेल, तर त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावे.

"मशिनं पुसायला कुणाला सांगितलं होतं?"

"मला."

"दोन पुसलीत. तिसऱ्याची पुढची बाजू पुसलीत. मागची राहिली."

"राहिली."

"राहिली, की ठेवलीत?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, खंडेनवमीला कारखान्यातल्या एकूण एक यंत्राला मी हळदकुंकू वाहतो. ज्या प्रेसनं त्याची बोटं नेली, तिलासुद्धा वाहतो. वाहणारा हात माझा आणि पुसणारा पण माझाच? नाही झालं मला ते."

त्यानंतर त्याला काही विचारावे लागले नाही. धारचा एक मराठी तरुण कारखान्यात प्रेसवर होता. माल लवकर निघावा म्हणून प्रेसची सुरक्षेची जाळी काढून ठेवलेली होती. त्याची तीन बोटे गेली. मालकाने अपघाताची नोंद होऊ दिली नाही. खाजगी डॉक्टरकडे मलमपट्टी केली आणि सांगितले, की भरपाई मागत बसशील तर जन्म कोर्टात जाईल, त्यापेक्षा हे मशीन घे, आपल्या गावी कोर्टासमोर बस, मुलाबाळांना पुरेल. उरलेली दोन मशीन इंदूरच्या दुकानदारांना विकली. कस्टमचे पत्र आल्यावर टेम्पो पाठवून तिन्ही परत गोळा केली. बोटे गेलेल्या माणसाला निरोप होता, दोन दिवसांची तपासणी आहे, झाली की मशीन परत पाठवतो.

फोरमनने सही केली आणि उठता उठता विचारले, "तुम्ही मशीन जप्त केलं. मग त्याचं काय?"

मी म्हणालो, "तुमचा जबाब झाला आहे. जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही धारला गेलो. कोर्टासमोर झाडाखाली बसलेला टायपिस्ट निरीक्षकांनी मला नजरेनेच दाखवला. टपरीवर पत्र्याचे छप्पर, आत रिकामे टेबल, आणि जिथे मशीन असायचे तिथे वर दिवाळीची झेंडूची माळ अजून लटकत होती. बोटे गेलेला तो तरुण वकिलाच्या मुन्शीला सांगत होता, "भिया, उद्या या. मशीन माहेरी गेलंय, येईलच." मुन्शी हसत निघून गेला. मग तरुणाने आमचे कपडे पाहिले आणि उजवा हात खांद्यावरच्या पंच्याखाली घेतला. त्याची बायको मागे बसून कागदाच्या फायली चिकटवत होती.

"साहेब, तपासणी झाली का? मशीन कधी येणार?"

अशा वेळी पुष्कळ अधिकारी सांगतात, "जबाब दे, मग बघू." त्याने जबाब लवकर मिळतो. मला ते जमले नाही.

"मशीन सरकारजमा होणार," मी म्हणालो. "तुम्ही बोललात तरी, आणि नाही बोललात तरी. ते तुम्हाला द्यायचा मालकांना अधिकारच नव्हता."

"मग बोलून मला काय मिळणार?"

"या केसमधून काही नाही."

बायको पुढे आली. "असं कसं? सेठ तर स्वतः म्हणाले, दोन दिवसांत पाठवतो."

निरीक्षक म्हणाले, "बाई, सेठजींनी सरकारला लिहून दिलंय, की मशीन कारखान्याच्या बाहेर गेलंच नाही."

"म्हणजे मला दिलंच नाही?" त्याने विचारले.

"कागदावर नाही."

"आणि बोटं?"

"त्यांचीही नोंद नाही," मी म्हणालो. "कागदावर अपघात झालेला नाही."

तो हसला. "अच्छा. म्हणजे मी उगाचच डाव्या हातानं जेवतोय."

बायकोने तोंड फिरवले. रस्त्यावर कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता.

"लिहा," तो म्हणाला. "पण आधी हाताचं लिहा. मशीनचं मागून."

निरीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "याचा कस्टमशी काय संबंध?"

"तुमच्या जबाबात नका घेऊ. माझा तिथूनच सुरू होईल."

तसाच तो सुरू झाला. त्याने डाव्या हाताने, एकेक अक्षर काढत, सही केली.

फोरमनचा आणि त्याचा, दोन्ही जबाब समोर ठेवल्यावर मालकांनी सर्व कबूल केले. केस म्हणून पाहिली तर ती पूर्ण सुटली होती. पुढे कस्टमचा निकाल लागला. मशीन जप्त, मालकांना दंड. पण कायद्यात एक सोय असते. जप्त मालाचा जो मालक, त्याला वेगळा दंड भरून माल सोडवून नेता येतो. कागदावर मालक एकच होता. त्याने दंड भरला आणि तिन्ही मशीन, आता पूर्णपणे कायदेशीर होऊन, कारखान्यात परतली. ज्याच्या टपरीत एक मशीन चालत होते, त्याच्याजवळ पावती नव्हती, म्हणून त्याला कुणी नोटीसही पाठवली नाही.

फसवणुकीचा खटला तारखांवर रेंगाळला. मी घेतलेल्या जबाबाच्या आधारे त्या तरुणाने भरपाईचा अर्ज केला. फोरमनची नोकरी तोवर गेली होती, तरी तो गावाहून साक्षीला आला. भरपाई मंजूर झाली, मालकांनी अपील केले, आणि माझी बदली झाली तेव्हा ती अपिलातच होती.

मी हिशेबी घरातला माणूस. वडील संस्थानच्या खजिन्यात होते. प्रत्येक केसची जमा आणि खर्च मनात मांडायची मला सवय. या केसमध्ये सरकारकडे दंड जमा झाला, माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा जमा झाला, मालकांचा माल त्यांच्याकडे परत आला. खर्चाच्या बाजूला एकच माणूस राहिला. गुन्हा सिद्ध होणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला काही मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाण्याच्या कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते. जुन्या मशीनमध्ये किती आयुष्य उरले आहे, याचा दाखला कायदा मागत होता. त्या हातात किती उरले आहे, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

नोकरीच्या अखेरच्या काळात एका साक्षीसाठी मी धारच्या कोर्टात गेलो होतो. समोर आता फोटोकॉपीची बरीच दुकाने झाली होती. त्यातल्या एकात तो दिसला, डाव्या हाताने कागद लावून देत असलेला. दुकान त्याचे नव्हते. गल्ल्यावर तो टायपिस्ट बसला होता, ज्याने खबर दिली होती. त्याने मला ओळखले आणि मान खाली घातली. खबर देणाऱ्याचे नाव आम्ही कुणाला सांगत नाही. तेव्हाही सांगितले नाही.

हा मात्र आपणहून पुढे आला, नमस्कार केला, चहा मागवला. अपिलाचे मी विचारले. "चाललंय," म्हणाला. मग त्याने विचारले, "साहेब, माझं मशीन चालतं का हो अजून?"

आदल्या वर्षी, पुन्हा देवासला बदलून आलो असताना, एका चोरीच्या पंचनाम्यासाठी मी त्या कारखान्यात गेलो होतो. तिन्ही मशीन भंगाराच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली पाहिली होती. सोडवून आणल्यापासून ती कुणी सुरूही केली नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "भंगारात पडलंय. कुणी हात लावलेला नाही."

त्याने मान हलवली.

"मग थापा तसाच असेल," तो म्हणाला, आणि कागद लावायला परत गेला.